एकेचाळिसाव्या पानावरची लोणकढी

“मला फक्त एक ओळ दे,” मी रेवतीला म्हटलं. “बदलता येतं की येत नाही. बाकीचं मी बघतो.”

“तसं एका ओळीत नाही सांगता येत, काका,” ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. “ते अवलंबून आहे.”

त्या सकाळचं हे चौथं ‘अवलंबून’. कशावर अवलंबून आहे हे विचारलं की ती आणखी तीन गोष्टी सांगायची, आणि त्या तिन्ही पुन्हा कशावर तरी अवलंबून असायच्या. मी साखर कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. तिथे बॉयलरवाल्याला विचारलं की हा व्हॉल्व्ह फिरवला तर काय होईल, तर तो सांगायचा, “मरशील.” एक शब्द. पुस्तक लिहिणाऱ्याला असा माणूस देवासारखा वाटतो.

वीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. कोल्हापुरात उद्यमनगरच्या टोकाला, एका लेथच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअरची कंपनी होती. आम्ही ‘कोठार’ नावाचा प्रोग्राम बनवायचो. कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या फाइली त्यात ठेवायच्या. कोणी कधी काय बदललं ते कोठार लक्षात ठेवणार, आणि मागितलं की दोन वर्षांपूर्वीची आवृत्तीसुद्धा काढून देणार. गिऱ्हाइकं सगळी फौंड्रीवाली, पंपवाली. त्यांना इंग्रजी पुस्तक दिलं तर ते त्यावर चहाचा ग्लास ठेवायचे, म्हणून मालक शिंत्रेसाहेबांनी कारखान्यातून निवृत्त झालेल्या मला मराठी माहितीपुस्तक लिहायला ठेवलं. वसंत नेजदार, वय अठ्ठावन्न. ऑफिसात सगळ्यांचा काका.

आणि सगळ्यांचा थापाड्या काका, हेही सांगून टाकतो. दुपारच्या चहाला मी एक तरी लोणकढी सोडल्याशिवाय पोरं कप खाली ठेवायची नाहीत. पंचगंगेच्या पुरात मी मळीच्या टाकीवर बसून शिरोळपर्यंत गेलो होतो, ही त्यातल्या त्यात खरी.

तर त्या दिवशी अडलं होतं ते एका सेटिंगवर. आपल्या देवनागरीत हा रोग नाही, पण इंग्रजीत एकच अक्षर मोठंही असतं आणि लहानही. ‘पंप’ हे नाव मोठ्या पीने लिहिलं काय आणि लहान पीने लिहिलं काय, वाचणाऱ्या माणसाला पंप तो पंपच. संगणकांमध्ये मात्र दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, या दोन वेगळ्या फाइली. दुसरा म्हणतो, एकच. कोठार पहिल्यांदा बसवताना विचारायचं: अक्षरभेद पाळायचा की नाही पाळायचा? एकेचाळिसाव्या पानावर मला या सेटिंगची माहिती लिहायची होती, आणि माझा प्रश्न साधा होता. एकदा ‘पाळा’ असं ठेवून फाइली भरल्या, आणि नंतर कोणाला ‘पाळू नका’ करावंसं वाटलं, तर चालेल का?

घाईचं कारणही होतं. शिरोलीचे भूपाल मगदूम याच प्रश्नासाठी रोज फोन करत होते. मगदुमांची पंपांची फौंड्री होती आणि कोठारात त्यांची बावीस वर्षांची ड्रॉइंगं भरलेली होती. त्यांच्याकडे नवीन दोन मुली ड्रॉइंग काढायला लागल्या होत्या. त्या नावं हवी तशी टाइप करायच्या, कधी मोठं अक्षर, कधी लहान, आणि कोठार म्हणायचं, अशी फाइल नाही. मगदूम वैतागले होते. त्यांना ते सेटिंग बदलायचं होतं, शनिवारी, फौंड्रीला सुट्टी असताना. शिंत्रेसाहेबांनी त्यांना शब्द दिला होता की शुक्रवारी नवं पुस्तक सीडीवर पाठवतो, त्यात काय लिहिलंय ते बघून करा.

“रेवती,” मी म्हटलं, “मगदूम शनिवारी हात घालणार. त्यांना अवलंबून म्हणून सांगू?”

तेव्हा ती वळली. सत्तावीस वर्षांची मुलगी, निपाणीची, कोठाराचा अर्धा भाग तिनेच लिहिलेला. रागावली की ती आवाज चढवायची नाही, उलट हळू बोलायची.

“बदलू नये,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे एकाच नावाच्या जोड्या असतील, एक मोठ्या अक्षराची, एक लहान, तर सेटिंग बदलल्यावर कोठाराला त्यातली एकच दिसेल. दुसरी हरवल्यासारखी होईल. वरून कोणी काही साठवलं तर खरंच हरवेल. जोड्या नसतील तर काही होणार नाही. म्हणून म्हणते, अवलंबून आहे.”

हे तिने पहिल्यांदाच सांगितलं असतं तर माझी सकाळ वाचली असती. पण आता जोड्या आहेत की नाहीत हे मगदुमांकडे जाऊन बघणं आलं. बुधवारी मी स्कूटर काढली.

मगदुमांच्या पॅटर्न शॉपमध्ये मला जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. लोखंड ओतायच्या आधी त्या आकाराचा लाकडी नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. तिथे ईश्वरा मिस्त्री नावाचा म्हातारा सुतार होता. तो प्रत्येक पॅटर्नवर लाल रंगाने नंबर घालायचा. पॅटर्न अजून तासायचा, तपासायचा असेल तर लहान अक्षरात. मगदुमांनी बघून मान हलवली की त्याच नंबराचं मोठं अक्षर. लहान पीचा पी-सतरा म्हणजे चाचणीतला. मोठ्या पीचा पी-सतरा म्हणजे मंजूर, बिनधास्त ओता. बावीस वर्षं ही पद्धत, आणि संगणक आल्यावर ड्रॉइंगच्या फाइलींनाही त्यांनी हीच लावली. एकाच कपाटात मंजूर आणि नामंजूर शेजारी शेजारी, फरक एका अक्षराच्या उंचीचा. जोड्या किती म्हणून विचारलं तर मिस्त्री म्हणाला, “हायत की चार-पाचशे.”

मी मगदुमांना तिथेच सांगितलं. म्हणजे माझ्या पद्धतीने सांगितलं. म्हटलं, भूपालशेठ, ते सेटिंग बदललंत तर तुमची ड्रॉइंगं एकमेकांना खातील. मोठी फाइल लहानीला गिळेल, लहानी मोठीला, आणि सोमवारी सकाळी कोठार उघडाल तर आत एकच फाइल ढेकर देत बसलेली असेल.

मगदूम पोट धरून हसले. मिस्त्रीला म्हणाले, ऐक, काकांची आजची.

“थाप नाही ही,” मी म्हटलं.

“काका, तुमच्या बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही,” मगदूम डोळे पुसत म्हणाले. “पण तुम्ही लिहिलेल्यावर आहे. पुस्तकात येऊ दे, मग बघू.”

मला काय, तेच हवं होतं. परत येऊन मी एकेचाळिसावं पान लिहिलं, अगदी बॉयलरवाल्याच्या भाषेत: फाइली भरल्यानंतर हे सेटिंग बदलू नये, बदलल्यास मोठ्या-लहान अक्षरांच्या जोडीतील एक फाइल नष्ट होऊ शकते. त्याखाली मगदुमांसारख्यांसाठी दुसरा उपाय दिला, की नव्या माणसांना नावं टाइप करू न देता यादीतून निवडायला लावा. चांगलं पान झालं होतं.

आता माझी एक खोड सांगायला हवी.

आमच्याकडे रीत अशी होती की माझं प्रत्येक पान छापून, ज्याने तो भाग लिहिला त्या इंजिनिअरकडे जायचं. त्याने वाचायचं, चूक असेल तर खुणा करायच्या, नसेल तर खाली सही. सगळी पानं सह्या होऊन परत यायची. खूण एक नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, मी फारच बिनचूक लिहितो. दुसऱ्या वर्षी शंका आली की कोणी वाचतच नाही. मग मी प्रत्येक पुस्तकात एखाद्या पानावर एक लोणकढी पेरायला लागलो. ‘बॅकअप घेण्यापूर्वी सर्व्हरचे तोंड उत्तरेकडे करावे.’ ‘पासवर्ड विसरल्यास तीन दिवस मीठ वर्ज्य करावे.’ सही होऊन परत. ‘कोठार अमावस्येला मंद चालते, काळजी करू नये.’ सही. चार वर्षांत एकानेही पकडली नाही. छापायच्या आधी मी अर्थातच ती काढायचो, पण मनातल्या मनात चडफडायचो. आपण रक्त आटवून लिहितो आणि ही पोरं न वाचता कोंबड्याचे पाय उठवतात.

घोटाळा होऊ नये म्हणून मी त्या पानाच्या दोन फाइली ठेवायचो. खरी आणि थापेची. आणि बुधवारी मगदुमांकडून येताना मला ईश्वरा मिस्त्रीची पद्धत इतकी आवडली होती की या वेळी मी तीच उचलली. नाव एकच. मोठ्या अक्षराची ती खरी, लहान अक्षराची ती थापेची. आमच्या जुन्या मशीनवर दोन्ही शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

तुमच्या डोक्यात आत्ता जी घंटा वाजली, ती माझ्या डोक्यात वाजली नाही. ज्या खड्ड्याची पाटी मी स्वतः रंगवत होतो, त्या पाटीचे खांब मी त्याच खड्ड्यात पुरत होतो.

या वेळी मीठ-अमावस्या नको, म्हटलं. रेवतीला असं काही देऊ की न वाचता सही केली तर तिला स्वतःलाच लाज वाटेल. चार वेळा ‘अवलंबून’ ऐकवलं होतं तिने मला, त्याचाही राग होताच. मी थापेच्या फाइलीत लिहिलं: ‘हे सेटिंग केव्हाही निर्धास्तपणे बदलावे. जोड्यांचा निवाडा कोठार स्वतः करते.’ तिनेच सांगितलेल्याच्या बरोब्बर उलट. गुरुवारी दुपारी पान तिच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी सही होऊन परत आलं. हिरव्या शाईत, खाली डाव्या कोपऱ्यात, रे. हंजे.

मला इतका संताप आला आणि इतका आनंद झाला, की काय सांगू. ठरवलं, शुक्रवारच्या चहाला सगळ्यांसमोर पान वाचून दाखवायचं. एरवी सही झाली की मी थापेची फाइल लगेच पुसायचो. ही मात्र मुद्दाम ठेवली, चहासाठी.

शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर नवं मशीन आलं. शिंत्रेसाहेबांनी घेतलं होतं, दुसऱ्या पंथाचं. जुनं मशीन दुपारपर्यंत पुसून एका शाळेला द्यायचं होतं, टेम्पो खाली उभा होता आणि ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी वर येऊन माझ्याकडे बघून जात होता. त्यात सीडी चारच्या आत करायची. त्यात रेवती त्या दिवशी निपाणीला गेलेली, म्हणजे चहाची मजाही गेली. मी चिडून सगळं फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकलं. आता तुम्ही म्हणाल, कोठार विकणारी कंपनी, तुमचे स्वतःचे कागद कोठारात नव्हते? नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका गडद असतो. साध्या फोल्डरात होते.

निम्म्यात मशीनने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? त्या आठवड्यात मी त्या फोल्डरची दोन वेळा अर्धवट नक्कल केली होती, म्हणून मला वाटलं त्याचंच काहीतरी. दरवाजात ड्रायव्हर. मी ‘हो, सगळ्यांना’ दाबलं.

चारला सीडी गेली.

पुढच्या गुरुवारी मगदूम स्वतः आले. आवाज नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी शिंत्रेसाहेबांच्या टेबलावर पंपाचं एक कास्टिंग ठेवलं, त्याच्या भिंतीवर बोट ठेवलं आणि दाबलं. भिंत इतकी पातळ होती की मला वाटलं, हे बोट आता आरपार जाणार. पी-सतरा. चाचणीतलं ड्रॉइंग. शनिवारी त्यांनी सेटिंग बदललं, सोमवारी मुलींनी नेहमीसारख्या फाइली उघडून, किरकोळ दुरुस्त्या करून पुन्हा साठवल्या. कोठाराने मंजूर समजून नामंजूर पुढे केलं. त्यावरून नवे साचे झाले, दोन दिवस लोखंड ओतलं गेलं. चार-पाचशे जोड्यांच्या जुन्या आवृत्त्याही एकाच नावाखाली मिसळल्या होत्या, त्यातली कोणती खरी आणि कोणती खोटी, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

“मी वाचून केलंय,” मगदूम म्हणाले. त्यांनी एकेचाळिसाव्या पानाचा छापलेला कागद पुढे केला.

मी तो कागद हातात घेऊन बघितला. निर्धास्तपणे बदलावे. ‘हो, सगळ्यांना’ म्हणताना मी काय दाबलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

शिंत्रेसाहेबांनी सह्यांची फाइल मागवली. मूळ पान निघालं. हिरवी शाई.

रेवतीला बोलावलं. तिने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं ती आता म्हणेल, मी वाचलं नव्हतं. तिने एवढंच म्हटलं, “सही माझी आहे.”

मगदुमांना नाव हवं होतं. त्यांचं बरोबर होतं. माणसाची बावीस वर्षं पाण्यात जातात तेव्हा त्याला नाव लागतं. शिंत्रेसाहेब म्हणाले, ज्याची सही त्याची जबाबदारी, आमच्याकडे नियमच आहे.

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा काहीही मीठमसाला न लावता बोललो. म्हटलं, साहेब, ती ओळ मी मुद्दाम खोटी लिहिली. हे वाचतात का ते बघायला मी दरवर्षी एक खोटी ओळ घालतो. दोन फाइली होत्या, एक मोठ्या अक्षराची, एक लहान, आणि नव्या मशीनवर टाकताना थापेची खरीवर बसली. हिचा यात काही संबंध नाही.

शिंत्रेसाहेबांनी विचारलं, ती दुसरी फाइल कुठाय. मी म्हटलं, जुन्या मशीनवर होती. जुनं मशीन कुठाय. पुसून शाळेला दिलं. मागच्या वर्षांच्या खोट्या ओळी कुठायत. पुसल्या, आणि पुस्तक छापलं की सह्यांचे कागदही रद्दीत जातात. म्हणजे, साहेब म्हणाले, त्या फाइलीनेच त्या फाइलीला खाल्लं. आणि मगदुमांचे डोळे बारीक झाले, कारण हे वाक्य त्यांनी माझ्याच तोंडून आठवड्यापूर्वी ऐकलं होतं आणि त्यावर पोटभर हसले होते.

“काका,” शिंत्रेसाहेब अगदी मायेने म्हणाले, “पोरीला वाचवायला बघताय, कळतंय मला. मोठं मन आहे तुमचं. पण निदान आज तरी थाप मारू नका.”

मी शपथ घेतली. बायकोची घेतली, अंबाबाईची घेतली. मगदूम दुःखातही गालात हसले. त्यांना माहीत होतं की मळीच्या टाकीच्या गोष्टीलाही मी अंबाबाईचीच शपथ घेतो. रेवतीकडे बघून म्हटलं, तू तरी सांग, तू काय वाचलंस ते. ती खाली कास्टिंगकडे बघत राहिली.

महिनाअखेर तिने जायचं, असं ठरलं. तोपर्यंत मगदुमांचं जे सावरता येईल ते सावरून द्यायचं.

दुसऱ्या दिवसापासून ती शिरोलीला जायला लागली. मीही रजा टाकून गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. रस्ता ईश्वरा मिस्त्रीने दाखवला. संगणकातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकमेकांत गेलं होतं, पण लाकडावरचा लाल रंग जागच्या जागी होता. माळ्यावरून एकेक जुना पॅटर्न खाली काढायचा, मोठं अक्षर असेल त्याची मापं घ्यायची, ती कोठारातल्या उरलेल्या आवृत्त्यांशी ताडून बघायची, जुळली की ते ड्रॉइंग खरं. मिस्त्री कॅलिपर लावून माप बोलायचा, रेवती स्क्रीनवर बघायची, मी वहीत खूण करायचो. मिस्त्री पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, “काका, ह्यो लाकडाचा धंदा. ह्यात ह्ये त्येला खात न्हाई.” ते सोडलं तर तीन दिवस कोणी कामापलीकडे बोललं नाही. भुशाने आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, एकदा वाचून सही केली असतीस तर आज ही वेळ आली नसती. माझं चुकलं ते कबूल आहे, पण तुझंही चुकलं.

रेवतीने भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“मी वाचलं होतं, काका.”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“तुमचं प्रत्येक पान मी वाचते. सगळेच वाचतात. नवीन पानं आली की आधी कोणाला थाप सापडते यावर आमच्या पैजा लागतात. उत्तरेकडे तोंड मला सापडलं होतं. मीठ वर्ज्य माझ्या शेजारी बसणाऱ्या दीपाला.” ती किंचित हसली. “बाकी चुका एरवी आम्ही तुम्हाला तोंडी सांगायचो, आठवतं? थापेला फक्त कोणी हात लावायचं नाही, असं ठरलेलं होतं. तुम्ही छापायच्या आधी ती काढता हे माहीत होतं ना.”

आठवलं. तोंडी सांगायचे. चहाला, जिन्यात, जाता जाता, काका, बाराव्या पानावर तो आकडा बघा जरा. मी ते कधी मोजलंच नव्हतं, कारण कागदावर खूण नव्हती.

“मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही घालायचं बंद केलं असतं.”

“आणि त्या दिवशी साहेबांसमोर? एक शब्द बोलली असतीस तर—”

“तुमचं खरं कोणी मानलं नाही,” ती म्हणाली. “मी बोलले असते तर दोघांचं खोटं ठरलं असतं. आणि सही माझी होतीच की. खोटं आहे हे माहीत असून केलेली.”

तिने तुकडा उचलला. मिस्त्री दोघांकडे आळीपाळीने बघत होता, त्याला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने तिच्या ताटात न विचारता ठेचा वाढला.

एकोणीस दिवसांत आम्ही जवळजवळ सगळ्या जोड्या सोडवल्या. अकरा राहिल्या. त्यांचे पॅटर्न वाळवीने खाल्ले होते. मगदुमांनी शेवटच्या दिवशी रेवतीला साडी दिली आणि माझ्याशी हात मिळवला, पण कोठार त्यांनी पुन्हा वापरलं नाही. रेवती बेळगावला नोकरीला लागली, पुढे कुठे परदेशात गेली म्हणतात.

नव्या आवृत्तीसाठी मी एकेचाळिसावं पान पुन्हा लिहिलं. तीच खरी ओळ, अक्षरही न बदलता. तिच्या जागी आलेल्या इंजिनिअरकडे पान ठेवलं. हुशार मुलगा होता, फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने पेन काढलं आणि माझ्यासमोर, कागद टेबलावर सरळसुद्धा न करता, सही केली. मी तिथेच उभा राहिलो. त्याने भुवया उंचावून विचारलं, आणखी काही, काका?

म्हटलं, काही नाही. पान घेऊन माझ्या टेबलावर आलो आणि सहीच्या खाली पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं: वाचले, व. नेजदार. त्यानंतर चार वर्षं मी पुस्तकं लिहिली. थाप एकही घातली नाही. घालून काय करणार, पकडणार कोण?

आता रंकाळ्यावर संध्याकाळी आम्ही पाचसहा म्हातारे बसतो. ही गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली. एकदम पसंत पडली. पॅटर्नवाला म्हातारा आणि फाइलीला खाणारी फाइल, हे फार भारी जमलंय म्हणाले. मळीच्या टाकीपेक्षा सरस. फक्त ती पोरगी, म्हणाले, काका, तिने वाचून पण सही केली, हे जरा अतीच झालं, तेवढं पुढच्या वेळी काढून टाका.